ऑल्टरवालीचा लॅग

ऑल्टरवालीच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आपलं वाक्य पुरं करून बाहेर पडलंय, असं बावीस वर्षांत क्वचितच घडलं असेल. "ही पँट जरा कमरेत..." एवढं म्हणायचा अवकाश, "दीड इंच सैल, खालची दुमड सोडायची, मंगळवारी न्या," म्हणत तिने खडूची रेघ ओढलेलीसुद्धा असायची. गिऱ्हाईक तोंड उघडं ठेवून उभं. बरं, चिडायचीही सोय नाही, कारण दीड इंचच बरोबर निघायचं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली. शिलाईचं एक मशीन, ओव्हरलॉकचं एक, इस्त्री, भिंतीवर रिळांची फळी आणि मधोमध कापणीचं भलंथोरलं लाकडी टेबल. बाहेर पाटी होती, पाटीवर तिचं नावही होतं. पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. अख्खा रस्ता तिला ऑल्टरवाली म्हणायचा आणि ती ओ द्यायची. नवे कपडे ती शिवत नसे. "नवं कुणीही शिवेल," ती म्हणायची, "दुसऱ्याने बिघडवलेलं नीट करून दाखवा, मग बोलू." नवं शिवायची ती फक्त एका माणसासाठी, स्वतःच्या मुलीसाठी, आणि ते मात्र दर वर्षी, न चुकता.

लोकांची वाक्यं मध्येच उचलायची सवय तिला लागली ती कारखान्यात. लग्नाआधी पाच वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलरच्या रांगेत बसायची. साठ मशिनं एकदम चालायची. पुरं वाक्य कुणाच्या कानावर पडायचंच नाही. समोरच्याचे ओठ हलले की अंदाज बांधायचा आणि हात चालवायचा; जिला अंदाज बांधता येत नसे तिच्यापुढे कॉलरींचा ढीग साचायचा आणि वर बोलणी बसायची. ऑल्टरवालीपुढे कधी ढीग साचला नाही. तेव्हा हा काही उद्धटपणा नव्हता, पोटासाठी शिकलेली विद्या होती. दुकानात ती विद्या फळाला आली. घरात त्याच विद्येने घोळ केला.

मुलीचं घरातलं नाव ठकू. वय सतरा. चार वर्षांची असल्यापासून ती बोलताना अडायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. मग हनुवटी वर व्हायची, डोळे कुठेतरी बाजूला वळायचे आणि डावी मूठ सदऱ्याची कड चुरगळायची. ठकूच्या एकूण एक सदऱ्याची डावी कड विरलेली असे. आई दर दोन महिन्यांनी ती उसवायची, आत अस्तराची पट्टी घालायची आणि पुन्हा शिवायची. ती कड का विरते हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नव्हत्या.

पोर अडलेली आईला बघवायची नाही. मग ती काय करणार? जे येत होतं तेच करायची. ठकू म्हणायची, "आई, मला प... प..." की आई म्हणायची, "पाणी? घे." ठकू म्हणायची, "आज शाळेत बा... बा..." की आई म्हणायची, "बाईंनी मारलं? कुठल्या? थांब, उद्या येतेच!" बाईंनी मारलेलं नसायचं. पण तोवर आई इतकी पुढे गेलेली असायची, की तिला परत आणण्यापेक्षा बाईंनी मारलं असं मान्य करणं सोपं. अशा कितीतरी गोष्टी ठकूने मान्य करून टाकल्या.

एकदा तिला स्पीच थेरपिस्टकडेही नेलं. त्या बाई शांत होत्या. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, "एक करा. तिचे शब्द तुम्ही पुरे करू नका. वेळ लागला तर लागू दे." ऑल्टरवालीने जोरजोरात मान डोलावली. "अगदी बरोबर आहे तुमचं, मी तर म्हणते..." आणि जिना उतरेपर्यंत तिने मुलीचे तीन शब्द पुरे करून टाकले. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

ठकूचे बाबा मालाच्या यार्डात सिग्नलमन. क्रेनखाली उभं राहून वर बसलेल्या चालकाला खुणा करायच्या: वर, खाली, डावीकडे, बस. दिवसभरात त्यांना चार शब्द लागत आणि घरी आल्यावर तेवढेही लागत नसत, कारण घरातल्या बोलण्याचा सगळा कोटा बायकोने एकटीने उचललेला. मुलगी अडली की त्यांचाही जीव वरखाली व्हायचा. मग तेही एखादा शब्द पुढे सरकवायचे. घरात मिळून दोन माणसं तिच्यासाठी बोलत होती. हळूहळू तिला स्वतः बोलायची गरजच उरली नाही.

गेल्या वर्षभरात ती जवळजवळ गप्पच झाली. "हं." "नको." मान वर, मान खाली. पलीकडच्या खोलीतून आईच्या मोबाईलवर मेसेज यायचा: "चहा नको, अभ्यास करतेय." पलीकडची खोली म्हणजे तरी केवढी लांब? मध्ये एक प्लायवूडची भिंत. दुकानावरच्या दोन खोल्यांत तिघं राहत, आणि त्या प्लायवूडमधून शिंकसुद्धा ऐकू यायची.

त्याच प्लायवूडमधून एका संध्याकाळी आईला मुलीचा आवाज ऐकू आला.

"डावीकडे दोन! मागे या, मागे या! पूल सोडू नका, मी येते!"

ऑल्टरवाली धुतलेल्या कपड्यांची चळत हातात घेऊन दारात थिजली. आवाज ठकूचाच. खणखणीत. कुठे अडणं नाही, खोळंबणं नाही. कानावर हेडफोन चढवून मुलगी लॅपटॉपसमोर बसली होती आणि कुठल्यातरी अनोळखी माणसांना हुकूम सोडत होती. आईला आधी आनंद झाला, इतका की कपडे खाली ठेवायचं सुचेना. मग तिच्या लक्षात आलं. म्हणजे पोरीला बोलता येतं. फक्त माझ्याशी नाही.

ती रोज कान देऊ लागली. वाक्यं ऐकू येत, शब्द कळत नसत. ऐकलेले शब्द ती दुकानात येऊन खडूने कापणीच्या टेबलाच्या कडेला लिहून ठेवायची. लॅग. नूब. एएफके. नर्फ. स्किन. मापं लिहायची तीच जागा, त्यामुळे 'छाती छत्तीस'च्या खाली 'नूब' आणि 'बाही बावीस'च्या शेजारी 'नर्फ' अशी वस्ती झाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने एकदा ते वाचलं आणि आपल्याला सगळं कळतं अशा थाटात सांगितलं, "या नव्या शिव्या आहेत हो. हल्लीची पोरं गेममध्ये शिव्याच देतात."

झालं. ऑल्टरवालीचं डोकं सटकलं. माझ्याशी चार शब्द बोलायला जड जातं आणि तिकडे शिव्या घालायला जीभ सैल सुटते? तिने टेबलावर, जिथे आठवड्याची कामं लिहायची, तिथे ठसठशीत लिहिलं: सोमवार, नेट बंद.

शनिवारी तिने नवऱ्याला हे सांगितलं. त्यांनी डबा धुता धुता ऐकून घेतलं.

"आधी तिला विचार तरी."

"विचारलं तर बोलते कुठे?"

"तू विचारतेस," ते म्हणाले, "आणि उत्तरही तूच देतेस."

नवरा एकदम एवढं लांबलचक बोलला की त्यात तथ्य असतं, हे तिला संसाराच्या अनुभवावरून माहीत होतं. तिने नाक मुरडलं, पण कबूल झाली. रविवारी तीन वाजता दुकानात बसायचं ठरलं. ठकूला मेसेज गेला. तिचा उलट मेसेज आला: "पाचला मॅच आहे. तोवर चालेल. कशाबद्दल?" आईने लिहिलं: "ये तर." आणि मग, शिक्षा देण्याआधी माणूस जरा मऊ होतो तसं, पुढे लिहिलं: "काळजी करू नकोस."

रविवारी शटर अर्धं खाली होतं. आतल्या उजेडात धाग्यांची धूळ तरंगत होती. तिघं टेबलाच्या तीन बाजूंना स्टुलांवर बसली. ठकूने लॅपटॉप बरोबर आणला होता; अंगात जांभळा सदरा, यंदाचाच. आईने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. असं घडी घालून बसणं तिच्या हातांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते उगाच टेपचं भेंडोळं करत होते.

"हे बघ," बाबांनी सुरुवात केली, "तू खेळताना जे शब्द वापरतेस ना, त्यातलं आम्हाला काही कळत नाही. तुझी आई म्हणते, शिव्या आहेत."

"मी नाही, झेरॉक्सवाला म्हणतो," आई म्हणाली.

"तर तू सांग. एकेक."

ठकूने टेबलाच्या कडेची यादी बघितली. तिथे 'सोमवार, नेट बंद' हेही लिहिलेलं होतं. तेही तिने बघितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"लॅग म्हणजे ने... ने..."

हनुवटी वर गेली. डावी मूठ सदऱ्याच्या कडेवर आली.

"नेम!" आई म्हणाली. "नेम धरायचा."

ठकूने मान हलवली. नाही.

"नेता?" बाबा म्हणाले. "टोळीचा पुढारी?"

नाही.

"नेसायचं काहीतरी? नेहमी? नेमकं?"

नाही, नाही, नाही. मुलीच्या डोळ्यांत आता थोडं हसूच आलं होतं. आईने आणखी एकदा तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्याजवळचं संपलं होतं. तेरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाणी, शाळा, बाई, पोटदुखी, वही, या सगळ्याचा अंदाज ती झोपेतही बांधू शकली असती. पण अंदाज बांधायला हाताशी काहीतरी असावं लागतं, आणि या मुलखातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. नाइलाज झाला, म्हणून ती गप्प बसली.

इस्त्री थंड होताना टकटकली. बाबा मुलीच्या तोंडाकडे बघत होते, क्रेनचा चालक खाली बघतो तसे.

"नेट," ठकू म्हणाली. "नेट अडकतं. त्याला लॅग म्हणतात. म्हणजे मी इथे बटण दाबलं, तरी तिकडे माझा माणूस लगेच पळत नाही. मध्येच उभा राहतो. मेलेला नसतो. घाबरलेलाही न... नसतो. फक्त पोचायला वेळ लागत असतो."

ठकूच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात आपल्याला कधी ऐकायला मिळाली होती, ते दोघांनाही आठवेना.

"मग बाकीचे काय करतात?" बाबांनी विचारलं.

"थांबतात."

"नुसते थांबतात?"

"दुसरं काय करणार? त्याच्याऐवजी कु... कुणाला खेळता येत नाही ना."

आईच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. तिने सवयीने हात लांब केला, टाचण्यांच्या उशीतून तीन टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या. कपडा अंगावर बसवून बघताना ती नेहमी असंच करायची. आणि टाचण्या तोंडात असताना बोलायचं नाही हा कारखान्यातला पहिला धडा तिने आजवर कधी मोडला नव्हता. नवऱ्याने ते बघितलं.

ठकू सांगत गेली. मध्ये मध्ये अडत होती, पण सांगत होती. पाच जणांचा संघ. बाकीचे चौघं चार वेगवेगळ्या गावांत. त्यांचे चेहरे तिने बघितलेले नाहीत, फक्त आवाज. खेळात प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. तिने घेतलं होतं 'एक मिनिट'.

"असलं कसलं नाव?" बाबा हसले.

"तेवढं दिलं की माझं बोलून होतं," ठकू म्हणाली.

बाबांचं हसू विरलं. ठकूच्या ते लक्षात आलं नाही, ती आता रंगात आली होती. "पहिले सहा महिने त्यांना वाटायचं, माझं नेट खराब आहे. मी अडले की कुणीतरी म्हणायचं, 'लॅग आहे, थांबा.' की सगळे थांबायचे. कुणी मध्ये बोलायचं नाही. मग माझं यायचं. मी म्हटलं, चाललंय ते ब... बरं चाललंय. पण मग मलाच कसंतरी वाटायला लागलं. एक दिवस सांगून टाकलं, की नेट चांगलं आहे, मीच अशी आहे."

"मग?"

"एक मुलगी आहे, ती म्हणाली, 'बरं. तुझा लॅग असेल तेव्हा आम्ही पूल धरून ठेवतो.' बस, एवढंच. आणि पुढच्या महिन्यात मलाच हाका द्यायचं काम दिलं. कुठून कोण येतंय, कुणी कुठे जायचं. मी कमी शब्दांत सांगते म्हणून."

बाबांनी हाताचे तळवे टेबलावर घासले. "आमच्या यार्डात," ते सावकाश म्हणाले, "खालच्याची खूण पुरी झाल्याशिवाय वरच्याने हूक हलवायचा नसतो. अर्ध्या खुणेवर कुणी अंदाजाने हलवला, तर मी त्याला त्या दिवशी खाली उतरवतो." मान खाली घालून ते टेबलावरची रेघ बघत राहिले.

आणि ऑल्टरवाली? तिला त्या चौघांचा हेवा वाटला. चेहरा माहीत नसलेली चार पोरं, त्यांना जमलं आणि जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिला नाही. मग त्या हेव्याचीच तिला लाज वाटली. तिने तळहात ओला केला आणि टेबलावरचं 'सोमवार, नेट बंद' घासून पुसून टाकलं. पुसताना एका गिऱ्हाइकाच्या छातीचं मापही गेलं. जाऊ दे, तिने मनात म्हटलं, परत घेऊ.

ठकूने ते पुसताना बघितलं. मग तिचा आवाज आणखी मोकळा झाला.

"नूब म्हणजे नवखा. ज्याला काही येत नाही तो."

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. आईने त्यांच्याकडे. टाचण्यांमुळे तिला हसता येईना.

"एएफके म्हणजे खेळात आहे, पण जागेवर नाही. माणूस दिसतो. नुसता उ... उभा. आत कुणी नाही."

आईने टाचण्या हातात घेतल्या. "जेवताना तुझे बाबा!" एवढं म्हणून तिने त्या परत ओठांत धरल्या. ठकू खो खो हसली. बाबाही हसले, जरा उशिरा, त्यामुळे आईचं म्हणणं खरंच ठरलं.

"नर्फ म्हणजे खेळ बनवणारी कंपनी एखाद्या हत्याराची ताकद कमी करते. फार भारी झालं म्हणून. आणि बफ म्हणजे वाढवते."

टाचण्या पुन्हा बाहेर आल्या. "म्हणजे कमरेत घेतलं आणि कमरेत सोडलं. अगं, हे तर मी रोज करते! यात शिवी कुठे आहे? त्या झेरॉक्सवाल्याला मी बघतेच." टाचण्या आत.

असं करता करता यादीतला शेवटचा शब्द आला. स्किन. इथे ठकूने काही सांगायच्या आधीच लॅपटॉप उघडला आणि आईकडे वळवला. "हे तुझ्या धंद्यातलं," ती म्हणाली. "स्किन म्हणजे आपल्या माणसाचे कपडे. आपण नि... निवडायचे. त्याने ताकद वगैरे काही वाढत नाही. फक्त आपल्याला आवडतात म्हणून घ्यायचे."

ऑल्टरवाली पुढे झुकली. पडद्यावर एक उंच मुलगी उभी होती. तिच्या अंगात घोट्यापर्यंतचा लांब कोट, पायांत बूट, गळ्याभोवती रुमाल. आईने आधी कोटच तपासला. खांदा अर्धा इंच खाली बसला होता, पाठीत झोळ पडला होता. कुणी शिवला कोण जाणे. मग तिला रंग दिसला. कोट पिवळा होता. बूट पिवळे. रुमाल पिवळा. नखशिखांत पिवळी.

तिने टाचण्या काढल्या. "पिवळा? पण तुला तर जांभ..."

आणि ती थांबली. स्वतःचंच वाक्य तिने मध्ये सोडलं, बहुधा पहिल्यांदाच. तिने मुलीच्या अंगातला जांभळा सदरा बघितला. वर कपाटात दर वर्षीचा एक, असे आणखी आठ होते. रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती सांगायची, माझ्या ठकूला जांभळ्याशिवाय दुसरं चालत नाही.

ठकूची मूठ कडेवर गेली. या वेळी ती बराच वेळ अडली. आईने टाचण्या परत ओठांत धरल्या.

"मी आठ वर्षांची होते," ती म्हणाली. "कापडाच्या दुकानात. तू म्हणालीस, कुठलं हवं ते दाखव. मी बोट ठेवत ठेवत चालले होते. लाल, हिरवा, मग जांभळा. पि... पिवळा एकदम टोकाला होता. बोट जांभळ्यावर आलं आणि तू म्हणालीस, 'हा ना? मला माहीतच होतं.' आणि दुकानदाराने कापलंसुद्धा."

"मग सांगितलं नाहीस?" बाबा म्हणाले.

"आई इतकी खूश होती," ठकू म्हणाली. "घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होती, माझ्या लेकीच्या मनातलं मला न बोलता कळतं. मग मी म्हटलं, राहू दे."

त्यात तक्रार नव्हती. शब्दांचे अर्थ सांगत होती, तशाच आवाजात तिने हे सांगितलं. तेच ऑल्टरवालीला सोसलं नाही. नऊ वर्षं. नऊ सदरे, नऊ वेळा मापं, नऊ वेळा तिने लेकीला आरशासमोर उभी करून विचारलं होतं, "आवडला ना?" आणि नऊ वेळा उत्तर स्वतःच दिलं होतं.

तिने टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. तिला बोलायचं होतं. साधंच वाक्य होतं, रोज दहा गिऱ्हाइकांना विचारते तसलं. तिने तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसला. हनुवटी वर गेली, डोळे भरून समोरचं धूसर झालं. जिच्या जिभेपुढे अख्खा रस्ता हात टेकायचा, तिला तिच्याच दुकानात, तिच्याच टेबलाशी एक शब्द फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. "पि..." आणि पुढे नाही.

बाबांना राहवलं नाही. बायकोची अशी अवस्था त्यांनी कधी बघितली नव्हती. "तिला म्हणायचंय, की..." त्यांनी सुरुवात केली.

ठकूने हात वर केला. यार्डात खालचा माणूस करतो तसा, तळवा समोर, बोटं सरळ. बाबा जिथल्या तिथे गप्प झाले.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "लॅग आहे."

ती दोघं थांबली. पाचला अजून वीस मिनिटं होती. शटरखालून कुणाची तरी पावलं आली आणि गेली. ठकू आईकडे बघत होती, नुसती बघत होती, घाई नाही, कीव नाही, पुढचा शब्द हातात धरून उभं राहणं नाही. आपल्याकडे असंही कुणी बघू शकतं, हे ऑल्टरवालीला माहीत नव्हतं. तिने पदराने नाक पुसलं, एक लांब श्वास घेतला.

"पिवळ्यात," ती म्हणाली, "पिवळ्यात कुठला?"

ठकूची हनुवटी वर गेली. डावी मूठ सदऱ्याच्या कडेवर आली. "ह... ह..."

हळदी, ऑल्टरवालीच्या मनात आलं. तिने उशीतून तीन टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या आणि ऐकत बसली.